जुन्या हँड ड्रिलवाल्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जुनी हँड ड्रिल (दात्यांचं चाक हाताने फिरवून भोक पाडायची हत्यारं), ब्रेस (वाकड्या दांड्याने फिरवायची) आणि गिरमिटं (ब्रेसमध्ये बसवायचे लाकडासाठीचे पिळाचे बिट) पुन्हा कामाला लावणारे आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. आमच्या प्रत्येक प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलंत, आणि नुसतं ‘असं कर’ नाही, तर ‘का’ तेही सांगितलंत.

सगळ्यात मोठे आभार एका सवयीसाठी: गंज घासायला घेण्याआधी हत्यार फिरवून बघायचं. गंज निघतो, बिट (भोक पाडणारं टोक) पकडणारा हरवलेला जबडा मात्र सहसा मिळत नाही. म्हणून ड्रिल विकत घेताना आधी चक, म्हणजे जबडे असलेलं ड्रिलचं तोंड, पूर्ण मिटवायचा. तिन्ही जबड्यांची टोकं एका बिंदूत, एका पातळीवर भेटली पाहिजेत. एखादं मागे राहिलं तर आत कचरा घट्ट बसलाय, नाहीतर तो जबडा दुसऱ्याच ड्रिलचा आहे. मग मोठं चाक सावकाश एक पूर्ण फेरा फिरवायचं. दर फेऱ्याला ठरावीक जागी झटका बसत असेल तर बिडाच्या चाकाचा दाता तुटलाय. असं ड्रिल सुट्या भागांसाठीच घ्यावं. बाजूची मूठ नसली तरी चालेल, आटे जुळवून नवी करता येते.

अडकलेल्या चकाबद्दल तुम्ही जे बजावलंत, त्यामुळे कितीतरी ड्रिलं वाचली. चक सुटत नाही म्हणून लोक दात्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून चाक अडवतात आणि जोर लावतात. सगळा जोर बिडाच्या एकदोन दात्यांवर येतो, बीड वाकत नाही, दाता थेट उडतो. तुमची रीत वेगळी. गंज सोडवणारं तेल आट्यांत सोडून एक रात्र ठेवायचं, गरम हवेने चकाचं कवच तापवायचं, चकामागचा दांडा दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून वाईसमध्ये (टेबलावरच्या लोखंडी पकडीत) आवळायचा, कवचाभोवती चामड्याची पट्टी गुंडाळायची आणि पान्ह्याने एकच झटकन हिसका द्यायचा. नाही सुटलं तर पुन्हा तेल, पुन्हा उष्णता. एक सावधगिरी: तेल पेट घेणारं असेल तर उघडी ज्योत जवळ नको.

चक उघडला की जबड्यांमधल्या बारीक स्प्रिंग बहुतेक वेळा तुटलेल्या निघतात. त्या नसल्या की कवच सैल केलं तरी जबडे उघडत नाहीत, आणि बिट तिरका बसतो. शिल्लक तुकड्याशी जाडी जुळवून गिटारच्या न गुंडाळलेल्या तारेपासून त्या करता येतात, हा तुमचा उपाय आम्ही आता डोळे मिटून वापरतो. साधी मऊ तार चालत नाही, ती वाकली की तशीच राहते.

गंजासाठी एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, दर अर्ध्या तासाने बाहेर काढून ब्रशने घासणं, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच कोरडं करून तेल. विसरून रात्रभर ठेवलं तर पोलाद करडं पडतं आणि कंपनीचं कोरलेलं नाव पुसट होतं. स्प्रिंग त्यात घालायच्या नाहीत, अ‍ॅसिडमुळे त्या ठिसूळ होतात. रंगवलेलं चाकही नाही, मूळ रंग जाईल.

गिरमिटाला धार लावण्याबद्दल तर तुमचे दुहेरी आभार. बाजूच्या उभ्या टोचांना कानस आतूनच लावायची. बाहेरून घासलं की भोकाचा व्यास कमी होतो आणि मागचं अंग त्यात अडकून बसतं. आडव्या पात्यांना दांड्याकडच्या वरच्या अंगाने धार द्यायची, खालच्या अंगाने दिली तर पातं लाकडात शिरतच नाही. दोन्ही बाजूंना घासे सारखे, नाहीतर एकच पातं सगळं काम करतं. मधल्या स्क्रूला कानस लावायचीच नाही. गिरमिट आत ओढणारा तोच, त्याचे आटे फक्त साफ करायचे. दांड्यावर 8 कोरलेलं असेल तर ते 8/16, म्हणजे अर्धा इंच, हेही तुमच्याकडूनच कळलं.

ब्रेसमध्ये गोल दांड्याचे बिट का घसरतात याचं उत्तरही तुम्हीच दिलंत: विल्यम बार्बर यांच्या 1864 च्या पेटंटवरून आलेल्या त्या चकाला दोनच जबडे, आणि त्यांच्या खाचा चौकोनी, निमुळत्या दांड्यासाठी. चकात दोष नाही, बिट चुकीचा.

लाकडी मुठींना जवसाचं तेल पातळ हाताने, जादा तेल पुसून. तेलाची चिंधी गोळा करून टाकायची नाही, पसरून वाळवायची. गुंडाळलेली चिंधी आपोआप तापून पेटू शकते. दात्यांना ग्रीसऐवजी पातळ तेलाचा थेंब, कारण ग्रीसला चुरा चिकटतो आणि दाते झिजतात. तेल सोडायचं बारीक भोक रंगाने बुजलंय का, तेही बघायचं.

रॅचेटचा, म्हणजे पूर्ण फेरा न फिरवता पुढेमागे करून चालवता येणारा, ब्रेस एकाच बाजूला धरत असेल तर दाते अडवणाऱ्या खटक्यामागची स्प्रिंग आधी तपासायची, हे तुम्ही सांगितलंत आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच निघालं. वाळलेलं जुनं तेल रॉकेलने धुतलं तरी पुष्कळदा भागतं, काहीही न उघडता.

काका, आता हे सगळं आम्ही नव्यांना तुमच्याच क्रमाने शिकवतो, चक मिटवून बघण्यापासून. मनापासून धन्यवाद.

तुमचे,
हातहत्यारं जपणारे आम्ही सगळे