चि. सायलीस: पाच वर्षांच्या अटीविषयी

वाई, दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू फारसे बोलली नाहीस, पण आवाजावरून तुझ्या आईने ओळखलेच. नोकरी सांभाळून, रात्री जागून तू जर्मन भाषेची सी-वन, म्हणजे वरच्या पातळीची, परीक्षा दिलीस ती तीन वर्षांत जर्मनीच्या नागरिकत्वाचा अर्ज करता यावा म्हणून. आणि ज्या ऑक्टोबरात तुझी तिथली तीन वर्षे भरली, त्याच ऑक्टोबरात ती वाट बंद झाली. ८ तारखेला बुंडेस्टागमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, मतदान झाले आणि ३० तारखेपासून बदल लागूही झाला. तुला वाईट वाटणे साहजिक आहे, मलाही वाटले.

तरी महसूल खात्यात जन्मभर कागद वाचलेला माणूस म्हणून एक फरक तुला दाखवतो. २७ जून २०२४ रोजी लागू झालेल्या कायद्याने वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाचवर आणली, तो हक्क होता. विशेष प्रावीण्य दाखवणाऱ्यांची मुदत तीन वर्षांपर्यंत कमी 'करता येईल', ही सवलत होती. सवलत देणारा ती काढूनही घेतो. हक्काला मात्र नव्या सरकारनेही हात लावलेला नाही. २००० सालापूर्वी तिथे साधारणपणे पंधरा वर्षे थांबावे लागे, त्यानंतर आठ. कारखान्यांत राबायला गेलेल्या तुर्की कामगारांनी किती काळ वाट पाहिली असेल, याचा विचार केला की पाच वर्षे मला न्याय्य वाटतात. परदेशातून आलेल्या माणसाला देशाने आणि देशाला त्या माणसाने ओळखायला तेवढा अवधी हवाच.

म्हणजे तुझी मुदत ऑक्टोबर २०२७ मध्ये भरेल. भाषेची अट बी-वनची आहे, तू तिच्या पुढे गेलेली आहेस. तेहेतीस प्रश्नांपैकी सतरा बरोबर यावे लागतात ती नागरिकत्वाची परीक्षा तुला जड नाही, आणि कायम वास्तव्याचा परवाना हाती असल्याने तुला तिथून कोणी उठवत नाही. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी जानेवारीत आलीस तर वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजतील, ही भीतीही काढून टाक. सहा महिन्यांपर्यंत देशाबाहेर राहिल्याने वास्तव्य खंडित होत नाही, असे कायद्यातच आहे.

माझ्या मते खरा विचार वेगळ्याच गोष्टीचा करायला हवा. २०२४ पासून जर्मनी तुला जुने नागरिकत्व सोडायला सांगत नाही, पण आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा सांगतो. तिथले नागरिकत्व स्वेच्छेने घेतलेस त्या क्षणी इथले संपते, मग पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे कार्ड, घ्यायचे. त्या कार्डावर आयुष्यभर येता-जाता येईल, परंतु मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. आपली ओढ्याकाठची जमीन वारसाने तुझ्याकडे येऊ शकते, तेव्हा सातबाऱ्याची काळजी करू नकोस. तुझा पहिला पासपोर्ट, दोन वेण्यांच्या फोटोचा, अजून माझ्या कपाटात आहे. तो पाहताना मन हलते, हे तुझ्यापासून लपवत नाही. तरीही जिथे तू कर भरतेस, जिथे तुझे उभे आयुष्य जायचे आहे, तिथे तुला मताचा अधिकार असावा असेच मला वाटते. आमच्याकडे पाहून निर्णय लांबवू नकोस.

तुझ्या जन्मदाखल्यावर नाव घालायचे आमच्याकडूनच राहून गेले होते, तिथे नुसते 'मुलगी' असे आहे. नाव नोंदवण्याचा अर्ज मी सोमवारी देतो आहे. पासपोर्टवरच्या स्पेलिंगची एक स्वच्छ प्रत पाठव, म्हणजे दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखे राहील. आईने मेतकूट करून ठेवले आहे, जानेवारीत घेऊन जा.

तुझे,
बाबा