सुकाणू वाळेपर्यंत

शॅगरॅमस, त्रिनिदाद

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार. अजून तिथेच का, असं विचारलंस. हो, अजून इथेच. बोट यार्डात लोखंडी टेकूंवर उभी आहे आणि आम्ही दोघं रोज शिडी चढून घरी जातो. सुकाणूच्या पात्यात पाणी शिरलं होतं. वरून फायबरग्लासचं कवच, आत फोम, त्यात पोलादी सांगाडा. फोम भिजला की सांगाडा गंजतो, आणि तो भर समुद्रात तुटला तर बोट वाऱ्याच्या हवाली. म्हणून कवच कापून ओला फोम काढला. आता कवच पुरतं वाळल्याशिवाय पुढचं काम नाही, आणि इथे पावसाळा जूनपासून डिसेंबरपर्यंत. कारागीर ओलावा मोजायचं यंत्र टेकवतो, आकडा बघतो आणि उद्या पाहू म्हणतो. त्याचा मला राग येत नाही. ओल्या अंगावर रेझिन धरत नाही, आणि त्या पात्यावर आमचे दोघांचे जीव आहेत.

वादळांच्या दिवसांत कॅरिबियनमधल्या शिडाच्या बोटी दक्षिणेला सरकतात. त्रिनिदाद ११ अक्षांशाच्या खाली आहे, चक्रीवादळांची नेहमीची वाट उत्तरेकडून जाते. १ जुलै २०२४ला बेरिल चक्रीवादळाने जवळच्याच कॅरियाकू बेटाची धूळधाण केली, तेव्हापासून तर कोणी धोका पत्करत नाही. यार्डात ओळीने उभ्या बोटी बघून मला पावसाळ्यातला हर्णैचा किनारा आठवतो. वर ओढून झापांनी शाकारलेल्या होड्या, आणि नारळी पौर्णिमेची वाट बघणारे तुझे बाबा.

थांबायचंच आहे तर बेट बघू, असं माधवीनेच ठरवलं. आधी ला ब्रेआला गेलो, तिथल्या डांबराच्या तळ्यावर. शंभरेक एकर काळाकुट्ट पसारा, त्यावरून चालता येतं, मध्ये मध्ये पावसाच्या पाण्याची डबकी. १५९५मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले इथे आला आणि याच डांबराने त्याने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या. उन्हात हे वितळत नाही म्हणून नॉर्वेच्या डांबरापेक्षा सरस, असं त्याने लिहून ठेवलंय. बोट दुरुस्तीला आलेल्या माणसाला याहून जवळची जागा कुठली!

क्वीन्स पार्क ओव्हलला तुझ्यासाठी गेलो. मार्च १९७१, वाडेकरांचा संघ, वेस्ट इंडिजवर आपला पहिला कसोटी विजय. सरदेसाईंच्या ११२, पदार्पणात गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७. आप्पा हे आकडे जेवताना म्हणायचे, ते मैदान बघताना मला खरंच भरून आलं.

पण तुला सांगायचंय ते इथल्या वॉटरलू गावाबद्दल. ३० मे १८४५ला फतेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून गिरमिटियांना, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांना, घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७पर्यंत असे १ लाख ४० हजारांवर लोक आले, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे, उसाच्या मळ्यांत राबायला. त्यांच्यातलाच एक मजूर, सिवदास साधू. त्याने १९४७मध्ये किनाऱ्यालगत देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची होती. पाडायला नकार दिला म्हणून त्याला १४ दिवसांचा तुरुंगवास झाला आणि देवळावर बुलडोझर फिरला. जमिनीवर बांधू देत नाहीत ना, मग समुद्र तर कोणाच्या मालकीचा नाही, असं म्हणून तो पाण्यात उतरला. ओहोटी लागली की तेलाच्या पिंपांत काँक्रीट भरून पाया रचायचा, दगड-सिमेंट सायकलवरून न्यायचं. एकट्याने, पंचवीस वर्षं. पुढे लाटांनी झिजलेलं ते देऊळ १९९५मध्ये पुन्हा बांधलं.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. देवळापर्यंत बांधीव वाट आहे, दोन्ही बाजूंना चिखल, काठावर झेंड्या लावलेले बांबू, शेजारीच स्मशान. आत एक आजीबाई फुलं वाहत होत्या. कुठून आलात, म्हणाल्या. महाराष्ट्र सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या पणजोबांचं गाव विचारलं. ते मला ठाऊक असेल, या आशेने. मला काही सांगता आलं नाही. त्यांनी प्रसाद दिला, माधवीच्या डोक्यावर हात ठेवला. श्रीकांत, इथे यायला सुकाणू नादुरुस्त व्हावं लागलं, याचं मला आता जराही वाईट वाटत नाही. नाहीतर नुसता नांगर टाकून, डिझेल-पाणी भरून आम्ही पुढे निघून गेलो असतो.

खाण्याचं विचारशील. सकाळी रस्त्यावर डबल्स: हळद घातलेल्या दोन मऊ पुऱ्या (इथे त्यांना ‘बारा’ म्हणतात), मध्ये चण्याची उसळ, वर चिंचेची चटणी. तिखट किती, हे आधी सांगावं लागतं. माधवी भरपूर म्हणते.

पाऊस दोन-चार दिवस उघडला तर नवा फोम भरतील. सुकाणू बसलं की पारियाच्या आखातातच चालवून बघू, आणि वादळांचा हंगाम सरला की ग्रेनेडाकडे निघू. तू डिसेंबरात येतोयस ना? तिकीट ग्रेनेडाचं नको, पोर्ट ऑफ स्पेनचं काढ. ओव्हल आणि वॉटरलू तुझ्याबरोबर पुन्हा बघायचंय, मग ग्रेनेडापर्यंत तिघं मिळून बोट नेऊ. रात्रीच्या पाळ्या तिघांत वाटल्या की झोपही नीट होईल. येताना गोडा मसाला आण, आणि माधवीने आमसुलं सांगितलीत.

काकूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं कळव.

तुझा,
सुहास