"बाबा, हे अजून देता?"

प्रिय डॉक्टरीणबाई,

हे व्हॉट्सॅपवरच टाईप करत होतो पण इतकं लांबत गेलं की म्हणलं सरळ पत्रच लिहू. तसंही फोनवर माझा आवाज मधेच चढतो आणि तू "बरं बाबा" म्हणून ठेवून देतेस.

त्या दिवशी माझी पाठ धरली होती म्हणून सकाळची ओपीडी तू केलीस, मी बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो. ते पंच्याहत्तरीचे आजोबा आले, बीपीचे, माझे फार जुने पेशंट, आणि तू त्यांच्या केसपेपरवर बोट ठेवून हळूच विचारलंस, "बाबा, ही अ‍ॅस्पिरिन कशासाठी चालू आहे? अ‍ॅटॅक नाही, स्टेंट नाही, स्ट्रोक नाही. हे अजून देता?" आणि मी काय म्हणालो, तर "तुझ्या जन्माच्या आधीपासून देतोय." पेशंटसमोर! तू गप्प बसलीस, गोळी तशीच रिपीट केलीस आणि मला वाटलं मी जिंकलो.

रात्री झोप येईना. उठून वाचत बसलो. अ‍ॅस्प्री नावाची ट्रायल, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झालेली, २०१८ ला छापून आली, १९,११४ माणसं, बहुतेक सगळी सत्तरीच्या पुढची आणि हृदयविकार नसलेली, निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, साधारण पावणेपाच वर्षं. धडधाकट जगण्यात काही फरक पडला नाही, मोठा रक्तस्राव मात्र अ‍ॅस्पिरिनवाल्यांत जास्त, ३.८ टक्के विरुद्ध २.८ टक्के. म्हणजे मी त्या आजोबांना इतकी वर्षं फायदा शून्य आणि पोटात ब्लीडिंगचा धोका तेवढा वाढवून देत होतो, आणि वर "रक्त पातळ राहतं, असू दे" म्हणून सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी जो प्रश्न विचारायचा तोच विचारला, "मग डॉक्टर इतकी वर्षं का दिलीत?" मी म्हणलं तेव्हा तसंच समजत होतो, नंतर माहिती बदलली आणि मी वाचायला उशीर केला. मला वाटलं आता विश्वास गेला. तर ते म्हणाले, बरं झालं, एक गोळी कमी झाली. आणि उठून गेले.

मग दोन दिवस बसून सत्तरीच्या पुढच्यांचे सगळे केसपेपर काढले. किती जणांना विनाकारण चालू होती तो आकडा तुला सांगत नाही, लाज वाटते. ज्यांना अ‍ॅटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, त्यांची अर्थातच चालू ठेवली, तिथे बंद करणं म्हणजे घातच. बाकीच्यांना एकेक करून बोलावतोय. ह्याला ऑडिट म्हणतात हे मला माहीत होतं, केलं कधीच नव्हतं.

आता तू म्हणशील एवढ्या सीएमईना, डॉक्टरांना अद्ययावत ठेवायच्या त्या लेक्चरांना, जाता, तरी? तेच तर. कपाटात सर्टिफिकेटची फाईल आहे, एवढी जाड. क्रेडिट पॉइंट कधी कमी पडले नाहीत. पण आठवून बघ ना ती सीएमई कशी असते, अंधार करून स्लाईड चालू, बोलणारे मोठे स्पेशालिस्ट, विषय असा की माझ्याकडे तो आजार पाच वर्षांत एकदा येणार, आणि माझ्याकडे येणारा पेशंट म्हणतो "डॉक्टर, अंग मोडून येतंय" त्यावर कोणी बोलत नाही. सही करून मागच्या दाराने निघणारे पण असतात (मीही एकदोनदा). डेव्हिस नावाचे एक संशोधक आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मधे असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, निष्कर्ष सरळ होता, नुसतं लेक्चर ऐकून डॉक्टरची प्रॅक्टिस बदलत नाही. जिथे चर्चा होते, केस सोडवायला लावतात, हाताने करून बघतात, तिथे थोडीफार बदलते.

त्याहून झोंबलं ते दुसरंच. २००५ मधे ६२ अभ्यासांचा आढावा निघाला होता, प्रॅक्टिसची वर्षं आणि उपचाराचा दर्जा ह्यांचा संबंध काय म्हणून. मी आयुष्यभर धरून चाललो की वर्षं वाढली की डॉक्टर मुरतो. तर निम्म्याहून जास्त अभ्यासांत उलटं, वर्षं वाढली तसा दर्जा सगळ्याच मोजमापांवर घसरलेला! पुढच्याच वर्षी डेव्हिसच्याच टीमने अजून एक काढलं, डॉक्टरला आपल्याला काय येत नाही हे स्वतःहून नीट ओळखता येत नाही आणि काही अभ्यासांत तर ज्यांना सगळ्यात कमी येत होतं आणि ज्यांची खात्री सगळ्यात जास्त होती त्यांचाच अंदाज सगळ्यात चुकलेला. हे वाचताना मला तो आवाज ऐकू आला, तुझ्या जन्माच्या आधीपासून देतोय.

तर मुद्दा हा की माझं ज्ञान कुठे आटलं ते मला कळणारच नव्हतं. तू बोट ठेवलंस म्हणून कळलं. तू आता स्वतःचा दवाखाना टाकते आहेस, तिथे तू एकटी असणार, बोट ठेवायला कोणी नाही. हॉस्पिटलमधे राऊंडला सर विचारायचे, ज्युनिअर विचारायचे, इथे दार बंद, तू आणि पेशंट, आणि पेशंट तुला कधीच सांगणार नाही की मॅडम हे २०१८ मधे बदललं. तो बरा नाही झाला तर गुपचूप दुसरीकडे जातो आणि तुला वाटतं बरा झाला.

म्हणून एक डायरी ठेव. खिशात मावेल अशी. पेशंट गेला की मनात जी शंका राहते ती एका ओळीत लिहायची, बास. अमेरिकेत एली म्हणून एक फॅमिली डॉक्टर, त्यांनी १०३ डॉक्टरांच्या शेजारी बसून हेच मोजलं, १९९९ सालीच, एकूण ११०१ प्रश्न निघाले आणि त्यातल्या ६४ टक्क्यांचा तिथे कुणी पाठपुरावाच केला नाही. जे शोधले त्यातल्या बहुतेकांची उत्तरं सापडली, सरासरी दोन मिनिटाच्या आत. दोन मिनिटं! मी तर नेहमी म्हणायचो वेळ कुठाय.

इंग्लंडमधल्या रिचर्ड ईव्ह नावाच्या एका जीपीने, म्हणजे जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरने, ह्याची छान पद्धत बसवली होती. रोज दोनच प्रश्न, आज पेशंटची कुठली गरज माझ्याकडून भागली नाही, आणि ती भागायला मला काय शिकायला पाहिजे. ह्यात गंमत अशी की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दरवेळी "अभ्यास" नसतं. कधी कळतं की मला माहीत होतं पण घाईत विचारलंच नाही. कधी कळतं की ड्रेसिंग सिस्टरच माझ्यापेक्षा चांगलं करते, तिलाच करू दे.

माझी डायरी सुरू होऊन तीन आठवडे झाले. एक नोंद सांगतो. बाई, साठीच्या, डायबेटिस, त्याची मेटफॉर्मिन गोळी खूप वर्षं, पायाला मुंग्या. मी शुगरमुळे नसा गेल्या म्हणून गोळ्या चालू केलेल्या, सहा महिने झाले, फरक नाही. शंका लिहिली, अजून काय असू शकेल. रात्री शोधलं तर समोरच, मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की व्हिटॅमिन बी-१२ कमी होऊ शकतं आणि मुंग्या त्यानेही येतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं गं. कुठल्यातरी लेक्चरमधे ऐकलं होतं. पण ऐकलेलं त्या बाईंच्या पायापर्यंत पोचलं नव्हतं. तपासलं, कमी निघालं.

एमआर मंडळींबद्दल, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींबद्दल, एवढंच, माणसं चांगली असतात, त्यांच्याशी नीट वाग, पण त्यांनी दाखवलेल्या ग्राफवरून शिकू नकोस. "धोका निम्म्याने कमी" म्हणले की विचारायचं कितीचा निम्मा. हजारात दोघांचा एक झाला तरी निम्माच होतो.

आणि चार-पाच जणींचा गट कर, महिन्यातून एकदा, स्पेशालिस्ट नको, सगळ्या जनरल प्रॅक्टिसवाल्या. प्रत्येकीने आपली फसलेली केस आणायची, जमलेली नाही. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, हसायचं नाही. लंडनमधे मायकेल बालिंट नावाचे मनोविश्लेषक १९५० च्या दशकात जीपींना असंच गोल बसवायचे, तिथे औषधापेक्षा हा पेशंट आला की मला वैताग का येतो, ह्यावर बोलणं व्हायचं. मला आमच्या वेळी कोणी असं बसवलं असतं तर... जाऊ दे.

उलट्या बाजूनेही सांगतो, नवीन दिसलं की लगेच उडी नको मारूस. आमच्या परीक्षेत हार्ट फेल्युअरला (हृदयाची ताकद कमी पडते तेव्हा) बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके संथ करणारं औषध, म्हणलं असतं तर नापास केलं असतं, १९९९ मधे दोन मोठ्या ट्रायल आल्या आणि तेच औषध जीव वाचवणारं ठरलं. पण सुरू करायचं पेशंट स्थिर असताना, अगदी कमी डोसने, हळूहळू वाढवत. नुसतं "आता देतात" एवढंच ऐकून कोणी धाप लागलेल्या माणसाला फुल डोस दिला तर काय होईल तुला सांगायला नको. आणि गाईडलाईन एका आजाराची असते, आपल्या पेशंटला एकाच वेळी पाच असतात, ते गणित कुठल्याच पुस्तकात सोडवून दिलेलं नाही.

बरं, ते जुने केसपेपर काढताना त्या दिवशीचे तुझेही हाताला लागले. अकरा वर्षांचा मुलगा, घसा दुखतोय, नाक वाहतंय, खोकला, ताप नाही, गाठी नाहीत, आणि खाली तुझ्या अक्षरात अ‍ॅझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक, तीन दिवस. नाक आणि खोकला दोन्ही असताना बहुतेक व्हायरलच ना गं? त्याची आई फार मागे लागली होती का? कारण काहीतरी असेलच, मला ते ऐकायचंय. बदला घेतोय असं वाटलं तर वाटू दे.

रविवारी ये. डायरी घेऊन ये.

बाबा