झाड न सोडणारा कुत्रा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विल्सन रॉल्स यांच्या 'व्हेअर द रेड फर्न ग्रोज' (१९६१) या कादंबरीवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ओक्लाहोमाच्या ओझार्क डोंगरांतला बिली हा मुलगा, दोन वर्षे पैसे साठवून त्याने विकत घेतलेली ओल्ड डॅन आणि लिटल अ‍ॅन ही पिल्ले, हे सगळे लेखात जिव्हाळ्याने आले आहे. मात्र कुत्र्यांचा मृत्यू वाचकाला रडवण्यासाठी बेतलेला आहे, हे लेखातले मत पटले नाही. रेडबोन जातीचे कुत्रे काम कसे करतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो शेवट अर्ध्या पुस्तकापासूनच दिसू लागतो.

रेडबोन कूनहाऊंड ही अमेरिकेत रॅकून या झाडावर चढणाऱ्या लहान जंगली जनावराच्या शिकारीसाठी तयार झालेली जात. रॅकून रात्री हिंडतो, म्हणून काम रात्रीचे. माणूस कंदील आणि कुऱ्हाड घेऊन मागे राहतो, कुत्रे पुढे सुटतात, आणि पुढे काय चालले आहे ते त्याला केवळ आवाजावरून कळते. माग लागलेला कुत्रा लांब, ओढून हेल काढतो. रॅकून झाडावर चढला की तोच कुत्रा बुंध्यावर पुढचे पाय टेकून आखूड, तुटक आणि न थांबता भुंकू लागतो. हा बदल ऐकू आला की मालक निघतो. मध्ये नदी असते, चढ असतो, काटेरी जाळ्या असतात. पोहोचायला तासभरही लागतो. तेवढ्यात कुत्र्याने झाड सोडले तर रॅकून उतरून पसार होतो आणि रात्र फुकट जाते. त्यामुळे पैदाशीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले ते झाड न सोडणारे कुत्रे.

ओल्ड डॅनमध्ये हा गुण टोकाचा आहे. रॅकून-शिकारीच्या स्पर्धेच्या प्रकरणात हिमवादळात दोन्ही कुत्रे हरवतात आणि सापडतात तेव्हा अंगावर बर्फ चढलेला असतानाही झाडाभोवती फिरतच असतात. लेखात या प्रसंगाला निष्ठा म्हटले आहे. निष्ठा आहेच, पण तिचा आकार जातीने ठरवलेला आहे. पुढे डॅन झाडावर चढवतो तो प्यूमा, म्हणजे अमेरिकेतला डोंगरी सिंह. पूर्ण वाढलेला नर प्यूमा रॅकूनच्या साधारण दहापट वजनाचा, आणि कूनहाऊंडच्या दुप्पट तरी. त्याच्यासमोर अंतर राखून भुंकणारा कुत्रा वाचतो. डॅनच्या रक्तात मागे सरणे नाहीच. ज्या गुणामुळे तो रॅकूनच्या शिकारीत अव्वल ठरतो तोच गुण त्याला मारतो, आणि रॉल्स यांनी हे आधीच्या प्रत्येक शिकारीतून मांडत आणले आहे. याला बेतलेला शेवट कसे म्हणायचे?

प्यूमाने डॅनला केलेल्या जखमेचे वर्णनही खरे आहे. पोट फाटून आतडी बाहेर येतात, झुडपात अडकतात. घरी आई ती धुऊन आत घालते आणि पोट शिवते. पेनिसिलीनच्या आधीच्या काळात पोटात गेलेली घाण आणि रक्तस्राव यांतून कुत्रा वाचणे जवळजवळ अशक्य होते. (आज अशी वेळ आली तर आतडी आत ढकलू नयेत. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालावे, त्यात भिजवलेले स्वच्छ फडके वर ठेवावे, ते सुकू देऊ नये, पोटाभोवती सैल पट्टी बांधावी, खायला-प्यायला काही न देता थेट पशुवैद्य गाठावा.)

लिटल अ‍ॅनबद्दल लेखात अगदीच त्रोटक लिहिले आहे. खरे तर ही जोडी तिच्यामुळे चालते. रॅकून चकवा देण्यात पटाईत असतो: पाण्यातून दूरवर चालतो, कुंपणावरून जातो, बुंध्यावर थोडा चढून पलीकडे उडी मारतो. उतावळा कुत्रा त्या रिकाम्या झाडापाशीच भुंकत बसतो. चांगली कुत्री आधी झाडाभोवती मोठा फेरा घेते आणि माग बाहेर गेलेला नाही याची खात्री झाल्यावरच तोंड उघडते. दरवेळी गायब होणाऱ्या 'भुताटकीच्या' रॅकूनचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावे. जमिनीवरचा माग संपलेला असतो. वाऱ्यावर आलेल्या वासावरून पोकळ खांबात दडलेला रॅकून ती शोधते. जमिनीचा वास आणि हवेतला वास ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्हींत तरबेज कुत्री क्वचित मिळते.

बिलीच्या रॅकून पकडण्याच्या सापळ्याकडे पाहिल्याशिवाय शिकारीतल्या क्रौर्याचा मुद्दा सुटत नाही. ओंडक्यात भोक पाडून तळाशी चकचकीत पत्रा टाकायचा आणि भोकात नालाचे खिळे तिरके ठोकायचे. रॅकूनचा उघडा पंजा आत जातो. पत्रा धरलेली मूठ वर ओढली की टोके रुततात. पिल्लांच्या शिकवणीपुरते रॅकूनचे कातडे मिळाल्यावर वडील हे खिळे काढायला लावतात, कारण त्यात जनावराला सुटायची संधीच नसते. कादंबरीचा न्याय इथे आहे. लेखात याचा उल्लेख हवा होता.

त्या कातड्याने पिल्लांना माग शिकवण्याची पद्धत आजही वापरता येते, आणि त्यासाठी शिकार करावी लागत नाही. रॅकूनचा वास लावलेले कापडही चालते. ते दोरीने लांब काठीला बांधून बाजूला ओढावे, नाहीतर पिल्लू ओढणाऱ्याच्याच पावलांचा वास घेत जाते. पहिला माग पन्नास-साठ पावलांचा आणि सरळ असावा. वारा पाठीवर घेऊन ओढावा, म्हणजे पिल्लाला नाक जमिनीला लावावेच लागते. तो जमला की एक वळण घ्यावे, मग ओहोळ ओलांडावा, शेवटी कापड फांदीला टांगावे. दमट, शांत संध्याकाळ उत्तम. कोरडा पाचोळा आणि सोसाट्याचा वारा असेल तर त्या दिवशी शिकवणी नको. जागा रोज बदलावी, कारण कालचा वास आजच्या मागात मिसळतो. पिल्लाचा उत्साह टिकून असतानाच थांबावे. बहुतेक पिल्ले बिघडतात ती मालकाने लांबचा माग फार लवकर दिल्यामुळे.

बालवाचकांसाठी पुरवणीत पुन्हा या पुस्तकावर लिहिणार असाल तर शिकवणीच्या या प्रकरणांना जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक