परदेशातलं पार्सल आणि न उलगडणारी पावती

मा. संपादक,
स. न.

परदेशातून भंगार मागवणाऱ्यांवर टीका करणारं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आलं होतं. पोरं जपानवरून जुनेपुराणे व्हिडिओ गेम मागवतात, पैसा बाहेर जातो आणि घरात अडगळ येते, असा त्यांचा राग. मी पोर नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर पंचवीस वर्षं काढली आहेत आणि ही अडगळ मीही मागवतो. म्हणून चार ओळी.

आधी भंगाराबद्दल. जपानी विक्रेते स्वतःच अशा मालावर 'जंक' असं लिहितात. म्हणजे वस्तू मोडकीच असेल असं नाही. चालेल याची हमी नाही आणि परत घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. 2023 साली मी असाच एक फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, घेतला. निन्टेंडोनं तो जुलै 1983 मध्ये जपानात काढला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडलेली लिटल मास्टरसारखी यंत्रं ही त्याचीच नक्कल. अस्सल यंत्र घ्यायची ऐपत होती कुणाची? 1995 साली शॉ वॉलेसनं सेगाचं यंत्र भारतात आणलं, त्याची किंमत 18,000 रुपये होती. आमच्या वडिलांचा चार महिन्यांचा पगारही तेवढा नव्हता. आम्ही तासाला पाच रुपये देऊन गल्लीतल्या दुकानात खेळायचो आणि चित्र आलं नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचो.

यंत्र पडलं 2,400 रुपयांना. तिथले बरेच विक्रेते देशाबाहेर पाठवत नाहीत, त्यामुळे मध्ये दलाल लागतो. त्याच्यामार्फत कुरिअरचं भाडं झालं 2,600. मी मनात धरलं होतं, 2,400 वर काय तो कर बसेल. कुरिअरवाल्यानं मागितले 3,864, वर त्याचा स्वतःचा हाताळणी आकार वेगळा. कशाचे विचारलं, तर 'कस्टम' एवढंच उत्तर.

हिशेब मला नंतर एका सीएकडे काम करणाऱ्या भाच्यानं वहीच्या पाठकोऱ्या पानावर करून दाखवला. कर नुसत्या वस्तूवर नसतो, भाडं धरून होणाऱ्या किमतीवर असतो. म्हणजे 5,000 वर. त्यावर 35 टक्के सीमाशुल्क 1,750. त्या 1,750 वर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 175. झाले 6,925. आता या सगळ्यावर 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, 1,939. बेरीज 3,864. दमडीचीही चूक नव्हती! पण वस्तूपेक्षा कर दीडपट कसा झाला, हे कळायला मला भाचा लागला. ज्याला भाचा नाही त्यानं काय करायचं? त्यानंतर दर बदलले, 22 सप्टेंबर 2025 पासून त्यातला 28 चा टप्पा 18 वर आला, तरी मागणीची चिठ्ठी तशीच एका आकड्याची येते.

त्याआधी पार्सल आठ दिवस अडकलं होतं ते वेगळ्याच कारणानं. ओळखीसाठी दिलेल्या आधार कार्डावर बेळगावी आणि पार्सलावर माझ्या जुन्या सवयीनं इंग्रजीत बेलगाम. शहराचं इंग्रजी नाव बदललं 1 नोव्हेंबर 2014 रोजी, माझा हात अजून बदललेला नाही. चूक माझीच. पण दोन्ही नावं एकाच गावाची आहेत हे पटवायला तीन फोन आणि लाइट बिलाचा फोटो लागला. आपल्या भागातल्या लोकांना सांगणं एवढंच, की पत्ता आधारवर आहे तसाच घाला. अभिमान घराच्या पाटीवर ठेवा.

आणखी एक. पार्सलावर 'भेटवस्तू' लिहायला सांगा, कर लागत नाही, असं अजूनही कुणी कुणी सांगतं. ती सवलत डिसेंबर 2019 मध्ये गेली. राहिली फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधं यांना. फॅमिकॉम या दोन्हींत बसत नाही.

आता पैसा बाहेर जातो या मुद्द्याकडे येतो. माझ्या त्या यंत्राला जपानचं काय लागलं, तर नुसतं यंत्र. त्याचा मूळ अडॅप्टर जपानातल्या 100 व्होल्टच्या विजेवर चालणारा. मी उत्साहाच्या भरात तो आपल्या 230 च्या प्लगात घातला आणि पाच मिनिटांत खोलीभर जळका वास. दैव बलवत्तर, यंत्र वाचलं. गणपत गल्लीजवळच्या दुकानात यंत्राला लागणारे 10 व्होल्ट देणारा अडॅप्टर मागितला, तर दुकानदारानं आधी यंत्राचं बूड उलटं करून बघितलं. "काका, ह्याच्या पिनेचं मायनस मधी हाय. आपल्या अडॅप्टरचं प्लस मधी असतंय. तसंच लावलासा तर गेलं बघा." असं म्हणून त्यानं तिथल्या तिथं वायर कापली, दोन्ही टोकं अदलाबदल करून डाग दिला आणि मीटर लावून दाखवला. घेतले एकशे ऐंशी. आतला 7805 रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज 5 वर स्थिर ठेवणारा सुटा भाग, तापत होता म्हणून तोही बदलला, पंधरा रुपयांचा. यंत्राचं चित्र बाहेर पडतं जपानी टीव्हीच्या एक आणि दोन नंबरच्या चॅनलवर, आपल्या टीव्हीला ते सापडेना. त्यावर उपाय म्हणजे चॅनल टाळून चित्र थेट टीव्हीच्या व्हिडिओ इनपुटात द्यायचं, त्याला लागतात एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. तेही त्याच दुकानात. घरच्या ट्रंकेतली 1996 ची कॅसेट त्यात बरोबर बसली, कारण आपल्या नकली यंत्रांनी साठ पिनांची खाच जशीच्या तशी उचलली होती. फुंकर नाही मारली, स्पिरिट लावलेल्या कापसानं पुसली. चित्र आलं, आणि खेळातला गडी सवयीपेक्षा जोरात पळायला लागला! आपल्याकडची यंत्रं सेकंदाला 50 चित्रं दाखवायची, हे 60 दाखवतं. लहानपणी जो खेळ आम्ही तोंडपाठ केला होता तो मुळात संथ होता, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

पुढे त्याच कंपनीचं नंतरचं यंत्र, सुपर फॅमिकॉम, मी मागवलं. त्याचे स्क्रू आपल्या कुठल्याच पान्यानं फिरत नाहीत. परदेशातून त्याचा 4.5 मिलिमीटरचा बिट, म्हणजे पान्याचं टोक, मागवायचा तर पुन्हा भाडं, पुन्हा कर. बॉलपेनाचं मागचं टोक मेणबत्तीवर मऊ करून स्क्रूवर दाबलं, थंड होऊ दिलं आणि फिरवलं. दोन स्क्रू निघाले, तिसऱ्याला पेन पिळून तुटलं. मग दुपारच्या सुट्टीत उद्यमबागेतच बोल्ट कातून बिट करून घेतला. आता खानापूर-निपाणीपर्यंतचे लोक तो मागून नेतात.

तेव्हा कर भरायला ना नाही. मागणी एकच आहे. पैसे मागताना चिठ्ठीवर वस्तूची धरलेली किंमत, भाडं आणि प्रत्येक कराचा आकडा वेगळा लिहावा. हिशेबाचा एक नमुना कन्नड, मराठी आणि इंग्रजीत पोस्टात, कुरिअरच्या कचेरीत भिंतीवर लावावा. माझी 3,864 ची चिठ्ठी आणि भाच्यानं केलेला हिशेब, दोन्ही जपून ठेवलं आहे. छापायला हवं असेल तर आपल्या कार्यालयात आणून देतो.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव