दोन्या लुसची यौतिया

बारांकितास, पोर्तो रिको

प्रिय शुभे,

रागावली असशील. आधी हे वाच, मग हवं तेवढं रागाव.

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. वसंताला नोकरी लागली, ते ताईकडून कळलंच असेल.

लिहायला बसले ते यौतियासाठी, अळूच्या या इथल्या कंदवाल्या चुलतभावासाठी. म्हाताऱ्या दोन्या लुसच्या उतारावरच्या वाफ्यात माल सेको, तो मुळं कुजवणारा रोग, शिरलाय. खालची पानं पिवळी पडली तेव्हा म्हातारी म्हणाली, पाऊस जास्त झाला, दुसरं काही नाही. मी एक झाड उपटून पाहिलं. मुळं काळपट, बोटाला लागताच सुटणारी. मधला घनकंद वरून धडधाकट, पण बाजूला पिल्लं धरलेलीच नाहीत. आणि खायची ती पिल्लंच ना गं! तू असतीस तर बघताक्षणी ‘पिथियम मायरिओटायलम’ म्हणाली असतीस. कॅमेरूनमध्येही याच बुरशीने हे पीक कुजवलं. (बुरशी नव्हे, ऊमायसीट, बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव. ऐकू आलं मला!) तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून पाऊस आला की माझी नजर खालच्या ओळींवर जाते.

वर तू आयुष्यभर म्हणत आलीस की झँथोसोमा, म्हणजे हे यौतिया, काय नि अळू काय, एकच. अजून सांगते, अळूचा देठ पानाच्या पाठीला मध्येच चिकटतो, याचा थेट खाचेत येतो. अळू चिखलात पाय रोवून मजेत राहतं, याच्या मुळाशी पाणी साचलं की संपलं. सरांसमोर मी हे पानं हातात धरून दाखवलं होतं आणि तू विषय बदलून चहा मागवलास. ते भांडण मीच जिंकले, कबूल कर आता.

पण माझा जीव अडकलाय तो भलत्याच गोष्टीत. हे वाण म्हातारीला सासूने दिलं, सासूला तिच्या आईने. बी कधी धरलंच नाही. दर हंगामाला मातृकंदाचा डोळा असलेला तुकडा कापायचा नि लावायचा. इतक्या बायकांच्या हातून एकच झाड जगत आलंय, शुभे. 1843 साली वेस्ट इंडीजमधल्या मिशनरी कुटुंबांनी हे पीक घानात नेलं आणि तिथे ते घरोघरी झालं, तेही अशा तुकड्यांवरच. पण तुकड्याबरोबर दुखणंही जातं. पानांच्या शिरांकडेने पिसासारखी फिकट नक्षी दिसतेय, म्हणजे मोझॅकचा विषाणूही आत आहे. त्याने झाड मरत नाही, नुसतं खंगतं. माल सेको मात्र मारतो.

माझं म्हणणं, सगळं उपटून ती जमीन मोकळी ठेवावी आणि वरच्या कोरड्या बांधावर, उंच गादीवाफ्यात, निरोगी दिसणारे मोजके तुकडे लावावेत. म्हातारी ऐकत नाही. सासूची ओळ आपल्या हाताने कशी उपटू, म्हणते. तिला काय सांगू? मलाच रडू येतं.

आणि या सगळ्यात एका झाडाला फूल आलंय! रात्री मादीफुलं जागी होतात, कणीस गरम होतं, वास सुटतो नि भुंगे आत शिरतात, ते दुसऱ्या संध्याकाळी परागात माखून बाहेर. तू बघायला हवी होतीस. जिबरेलिक आम्लाने, त्या वाढीच्या संप्रेरकाने, फुलं आणून संकर करता येतो हे तूच शिकवलंस. पण संकरातून नवं वाण मिळेल, म्हातारीचं हे नाही.

आईंचं ऑपरेशन नीट झालं ना? चिनूचा निकाल काय? घराचं काम उरकलं का? सगळं लिही, मी विचारत नाही असं समजू नकोस.

आता कामाचं. विषाणू काढायला तू प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी शेंड्याचा केवढा तुकडा घेत होतीस, आणि त्याआधी कंद गरम खोलीत ठेवत होतीस का? इथल्या संशोधन केंद्रातली मुलगी करून देईन म्हणते, पण तुझी पद्धत हवी. म्हातारी रविवारी वरची ओळ खणणार आहे. त्याआधी कळव, रात्री-अपरात्री फोन केलास तरी चालेल.

तुझी,
मंदा