शनिवार तुझा

सिडको, नाशिक

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर "सगळं ठीक ना?" विचारतोस आणि मी "हो" म्हणते, कारण शेजारीच बाबा बसलेले असतात. म्हणून हे पत्र.

परवा रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात खुडबुड झाली. बघते तर बाबा माठापाशी, हातात तांब्या. मी ओरडले रे, शेजारी जागे होतील इतकी. "एकच घोट गं," म्हणाले आणि तांब्या खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्यावर असा आवाज चढवला नव्हता. किडन्या निकामी झाल्यापासून त्यांना दिवसाला एकच लिटर पाणी, त्यातच चहा, ताक, आमटी. जास्त झालं की धाप लागते, आडवं होता येत नाही. मग डायलिसिसच्या मशीनवर अंगातलं पाणी एकदम ओढलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात. हे सगळं ठाऊक असूनही ती तहान बघवत नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. चार तास मशीन, जाऊन-येऊन दिवस संपतो. भाज्या उकडून पाणी ओतून द्यायचं, मीठ मोजायचं. भेटायला येणारे प्रेमाने शहाळं आणतात. पोटॅशियम वाढून हृदयावर येतं, हे किती जणांना सांगू? गेल्या गुरुवारी सिस्टरने सहज माझं बीपी बघितलं, 170/100. आता मलाही गोळी सुरू झाली. गंगेवर, आपल्या गोदावरीवर, जाऊन आठ महिने झाले.

पैसे पाठवू नकोस. डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसलंय. मला तू हवा आहेस. एक आड एक शनिवार तुझा. शुक्रवारी रात्री पुण्याहून बसने निघ.

बाबांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे मशीनच्या सुयांसाठी ऑपरेशनने जोडलेली शीर. त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, मशीनखेरीज दुसरी सुई टोचू द्यायची नाही, पिशवी उचलू द्यायची नाही. रोज बोटं ठेवून बघायचं, मांजर घुरघुरतं तसं लागतं. लागलं नाही तर तडक हॉस्पिटलला फोन. मशीनआधीचं आणि नंतरचं वजन निळ्या वहीत लिही.

त्या दिवशी मी पंचवटीत मावशीकडे जाईन. जेवेन आणि झोपेन. डब्यात काय द्यायचं ते फ्रीजवर चिकटवून ठेवते.

तुझी,
आई